नाही सापडलं

मुकुंद आष्टेकरांचं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. पोस्टमननं ते जाळीच्या दारातून आत सरकवलं. प्रमिलानं, माझ्या बायकोनं, ते उचलून ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "कुणाची तरी पत्रिका दिसतेय." तिची चूक नव्हती. पाकिटावरचं माझं नाव छापल्यासारखं होतं. 'सबनीस'मधल्या चारही अक्षरांवरून एकच शिरोरेघ गेली होती, कुठे थांबलेली नाही, कुठे थरथरलेली नाही.

मी हातातला घास खाली ठेवला. ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी जवळजवळ चार वर्षं लोहगरुड त्याच अक्षरात बोलत होता.

हे १९९८ सालचं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

लोहगरुड आता कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. सांगलीच्या एका छापखान्यातून १९५९ ते ६३ या काळात दर पंधरा दिवसांनी सोळा पानांचा चित्रकथेचा अंक निघायचा. दिवसा मिरजेत तंबोऱ्यांना तारा चढवणारा एक अबोल माणूस संकट आलं की लोखंडी पंख चढवून कृष्णेवरून उडायचा. चित्रं भास्कर आष्टेकर काढायचे. मुखपृष्ठावर त्यांचं नाव असायचं. पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत येणारे संवाद कोण लिहितं हे कुठेच छापलेलं नसे, आणि दहा-बारा वर्षांच्या मला तसा प्रश्नही पडला नव्हता.

पुढे मी कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि लोहगरुडाच्या मागे लागलो. छापील अंक मिळणं अवघड होतंच, पण मला हवी होती ती मूळ चित्रं, आष्टेकरांनी ब्रशनं, काळ्या शाईनं काढलेली. चित्रावरून छपाईचा ब्लॉक तयार झाला की मूळ चित्राला कुणी विचारत नसे. त्यांच्यावर चहाचे पेले ठेवले जात, पाठीवर हिशोब मांडले जात, कटिंग मशीनखाली ती घालत. मी रद्दीवाल्यांकडे गेलो, बंद पडलेल्या ब्लॉकमेकरांच्या मुलांकडे गेलो. कुठेही गेलं की दारात उभं राहून काय बोलायचं हे मी रस्त्यातच पाठ करत असे आणि दार उघडल्यावर विसरत असे. बारा वर्षांत तीन पानं मिळाली.

मग त्या छापखान्याचे जुने मशीनमन इस्माईलभाई मुजावर भेटले. छापखाना मोडला तेव्हा त्यांनी एक गठ्ठा घरी नेला होता आणि तो त्यांच्या पलंगाखाली, गोधडीत गुंडाळलेला होता. का ठेवलात असं विचारल्यावर ते म्हणाले, "मला वाचता येत नाही, साहेब. मी बघत बसायचो." माझ्या हातात गठ्ठा देऊन त्यांनी गोधडी परत मागून घेतली. अठ्ठावन्न पानं होती. पुढच्या वर्षी ते गेले.

पानं मळलेली होती. मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक करून साफ केली. धूळ मऊ ब्रशनं काढायची, तेलकट डागावर पावाचा मऊ गर फिरवायचा, हे एका पुस्तकात वाचलं होतं. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला फिक्या निळ्या पेन्सिलीनं काहीबाही खरडलेलं होतं. 'फुगा मोठा ठेवलाय, दोन ओळींत बसव.' 'इथे ओरडतोय, अक्षर जाड.' ब्लॉक काढणाऱ्या कॅमेऱ्याला फिका निळा रंग दिसत नाही, म्हणून चित्रकार आपल्या सूचना त्या पेन्सिलीनं लिहीत. छापलेल्या अंकात त्या कधीच येत नसत. घर बांधून झाल्यावर परांची काढतात, तसं समजून मी त्या सगळ्या पावानं आणि रबरानं खोडल्या. वाचून खोडल्या, हेही सांगितलं पाहिजे. मला छापलेलं आणि लिहिलेलं सगळं वाचायची सवय आहे.

१९९८च्या ऑक्टोबरात एका वर्तमानपत्रानं माझ्यावर अर्धं पान छापलं. वार्ताहरानं मला 'चित्रठेव्याचा राखणदार' म्हटलं होतं. मी ते पान कापून ठेवलं. डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन ठरलं होतं. मधल्या महिन्यात ते पत्र आलं.

पत्र दोन पानी होतं. मुकुंद हे भास्कररावांचे धाकटे भाऊ. हुबळीला दुकानांच्या पाट्या रंगवत. लोहगरुडाचे संवाद ते लिहायचे. 'साऱ्यांच्या तोंडी शब्द घालायचो आणि स्वतः बोलायचो नाही, म्हणून दादा मला मुक्या म्हणायचा,' असं त्यांनी लिहिलं होतं. संवाद पातळ कागदावर लिहायचे, एकेका ओळीची पट्टी कापायची आणि ती खळीनं फुग्यात चिकटवायची, ही त्यांची पद्धत. बासष्टच्या दिवाळी अंकात शेवटच्या चित्रात लोहगरुड विहिरीत साखळदंडांनी बांधलेला आहे आणि वरून पाहणाऱ्या दुष्टाला तो म्हणतो, 'मी हरणार नाही.' फुगा अरुंद होता, म्हणून दोन पट्ट्या झाल्या. वरच्या ओळीत 'मी हरणार', खाली 'नाही'. अंक छापून आला तेव्हा फुग्यात एवढंच होतं: 'मी हरणार'.

तो अंक मला आठवतो. मी तेरा वर्षांचा होतो आणि रडलो होतो. शाळेत मुलं महिनाभर कबड्डीत बाद होताना तेच ओरडायची.

छापखान्याच्या मालकानं सगळ्यांसमोर भास्कररावांना झापलं. भास्कररावांनी सगळ्यांसमोर मुकुंदांना विचारलं, "दोन अक्षरं चिकटवता येत नाहीत तुला?" मुकुंदांनी खळीची वाटी खाली ठेवली आणि ते बाहेर पडले. त्या दिवसानंतर भावांची भेट झाली नाही. सव्वा वर्षानं कावीळ होऊन भास्करराव गेले.

पत्राचा शेवट मी जसाच्या तसा देतो.

'खूप वर्षांनी इस्माईलभाई हुबळीला उरुसात भेटले. ते म्हणाले, मी गेल्यावर दादानं पुलाचं पान काढलं. त्यातला फुगा त्यानं आठ दिवस कुणाला लिहू दिला नाही. मुक्या येईल, म्हणायचा. मुक्याला काय सांगायचं ते कडेला लिहिलंय, असं त्यांना म्हणाला. काय लिहिलं ते त्यांना वाचता आलं नाही. ते पान आपल्याकडे आहे असं वर्तमानपत्रात पाहिलं. सबनीससाहेब, मी ती पट्टी चिकटवली होती असं मला आजवर वाटत आलं. आता साठी आली. खरंच चिकटवली होती का, याची खात्री राहिली नाही. कडेला काय आहे ते कळवाल का? वाईट असलं तरी चालेल.'

पुलाचं पान हे माझ्या संग्रहातलं सर्वांत सुंदर पान. कृष्णेला पूर आला आहे, आयर्विन पुलाचा एक खांब खचला आहे आणि लोहगरुड खांद्यावर पूल तोलून उभा आहे. वरून एक बैलगाडी सावकाश चालली आहे, बैलांना खालचं काही माहीत नाही. उजव्या कडेला, आकाशालगत, निळ्या पेन्सिलीच्या दोन ओळी होत्या. चौकटीत बसवल्यावर त्या डोळ्यांत खुपल्या असत्या. सर्वांत जास्त वेळ मी त्याच पानावर घालवला होता.

उत्तर लिहायला मी त्याच दुपारी बसलो. पहिल्या मसुद्यात साफसफाईच्या पद्धतीची माहितीच एक पानभर झाली. दुसऱ्यात 'काळाच्या ओघात' असे शब्द आले. तिसरा मी 'आपले पत्र मिळाले' इथवर लिहिला. प्रदर्शन झालं की सवडीनं लिहू, असं स्वतःला सांगितलं आणि पत्र कपाटात ठेवलं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच आले.

पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. मला वाटलं, कुणी सेवानिवृत्त मास्तर असतील. ते दारापासून सुरुवात करून एकेका पानासमोर थांबत होते, आणि चित्र न बघता फुगे बघत होते. सभागृहात मोजून सात-आठ माणसं होती. विजार-कोटातले एक गृहस्थ मित्राला मोठ्यानं सांगत होते, "ते 'मी हरणार' आठवतं का तुला? कुठल्या गाढवानं लिहिलं होतं कोण जाणे."

"गाढव हजर आहे," ते म्हातारे शांतपणे म्हणाले.

गृहस्थ ओशाळले, मग खूश झाले, मग त्यांनी हात मिळवला आणि वहीवर सही मागितली. म्हाताऱ्यांनी सही केली. ती शिरोरेघ पाकिटावरचीच होती.

मी पुढे झालो, नाव सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. माझं पत्र मिळालं का, असं त्यांनी विचारलंच नाही. उलट म्हणाले, इतक्या गडबडीत तुम्हाला कुठून सवड मिळणार, म्हणून मीच आलो. मी त्यांना चहा दिला, भडंग दिलं. बराच वेळ ते छापखान्याबद्दल सांगत राहिले. त्यांच्या दादाला पेंगताना मान डावीकडे टाकायची सवय होती, म्हणून डावीकडच्या पानावर शाईचे ठिपके जास्त पडायचे. लोहगरुडाचं नाक त्यानं थोरल्या मामांवरून घेतलं होतं आणि मामांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी हसत होतो. माणूस मला आवडला होता, आणि त्यामुळे सगळं आणखी कठीण झालं होतं.

"आता पुलाचं पान बघू या का?" त्यांनी विचारलं.

पान शेवटच्या भिंतीवर होतं. ते समोर गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फुग्यातलं अक्षर दुसऱ्याचं होतं, बटबटीत. मग त्यांनी मला विचारलं, काच काढता येईल का. मी चौकट उतरवली, टेबलावर ठेवली, मागचे खिळे काढले. एक खिळा माझ्या हातून खाली पडला. तो त्यांनीच वाकून उचलला.

पिशवीतून त्यांनी भिंग काढलं. उजवी कड वरून खालपर्यंत पाहिली, डावी पाहिली, पान उलटून पाठ पाहिली. मग भिंग ठेवून दिलं आणि उजव्या कडेवरून अंगठा हळूच फिरवला.

"कागदाला लव आलीय इथं," ते म्हणाले. "रबर फिरलंय."

"डाग होते," मी म्हणालो. "बुरशीचे."

"हो का." अंगठा तिथेच होता. "लव आली की शाई फुटते बघा. आम्हाला सवय होती, हात लावला की समजायचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. "लिहिलेलं काही नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पान सरळ करून, कडा जुळवून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

"इस्माईल भला माणूस होता," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. मीच पट्टी विसरलो असणार. तेव्हा चोविशीत होतो, लक्ष कुठं ठिकाणावर असायचं. दादाचं बरोबर होतं."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही. निघताना त्यांनी पुन्हा हात जोडले आणि मी ही पानं जपली याबद्दल माझे आभार मानले.

प्रमिला दुपारच्या डब्याची पिशवी घेऊन मागच्या खुर्चीवर बसली होती. ते दाराबाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"अहो, त्या पानावर निळं लिहिलेलं होतं ना?" ती म्हणाली. "माझा अख्खा पाव संपवलात तुम्ही त्यावर."

"हळू बोल."

"काय लिहिलं होतं?"

मी तिला सांगितलं. दोन ओळी होत्या. पहिली: 'मुक्या, नाही सापडलं.' दुसरी: 'सातच्या पाठीला होतं.'

"काय नाही सापडलं?" तिनं विचारलं.

मीही तसंच वाचलं होतं. छापखान्यातली रोजची बोलणी, एखादी पट्टी किंवा पट्टीचा डबा सापडला नसेल. दुसऱ्या ओळीशी त्याचा मेळ बसत नव्हता, सातच्या पाठीला होतं म्हणजे सापडलंच की, असं वाटून मला थोडं हसूही आलं होतं. त्या हसण्यातच मी ते खोडलं. पत्र वाचताना, ताटावर बसल्या बसल्या, मला ते नीट वाचता आलं. सापडलेली वस्तू म्हणजे 'नाही' हाच शब्द होता. पट्टी मुकुंदांनी चिकटवली होती. पानं हाताला येतील तशी एकावर एक रचली तेव्हा खळ ओली असणार. ती सुटली आणि वरच्या, सात नंबरच्या पानाच्या पाठीला जाऊन बसली. भास्कररावांना ती नंतर सापडली. सात नंबरचं ते पान माझ्याकडे नाही. दुसऱ्या कुणाकडे असेल असंही वाटत नाही. त्या दोन ओळी सोडल्या तर मुकुंदांची चूक नव्हती हे सांगणारं जगात काही नव्हतं.

 प्रमिलानं डब्याची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "हुबळीची गाडी साडेपाचची आहे. अजून स्टँडवर असतील ते. जा."

मी गेलो. चालतच गेलो, आणि वाटेत वाक्यं पाठ करत गेलो. गाडी फलाटाला लागली होती. ते खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. खाली उभ्या असलेल्या पेरूवालीशी त्यांचं काहीतरी चाललं होतं आणि ती हसत होती. मी चौकशीच्या खिडकीपलीकडच्या खांबाआड थांबलो. मी त्यांना काय सांगणार होतो हे मला माहीत होतं. त्यानंतर ते काय विचारणार हेही माहीत होतं. तासाभरापूर्वी 'नाही' असं का म्हणालात?  उद्या सभागृहात समारोप होता, प्राचार्य येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी माझ्यासमोरून वळून बाहेर पडली तेव्हा मी वेळापत्रक वाचत असल्यासारखा उभा होतो.

घरी आल्यावर प्रमिलानं विचारलं, "भेटले?"

"गाडी गेली होती," मी म्हणालो.

 तिनं हा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मला खोटं पचलं असं वाटू दिलं. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

मधल्या काळात माझा बराच सत्कार झाला. व्याख्यानांना बोलावणी आली, पुलाच्या पानाची मोठी प्रत एका महाविद्यालयानं भिंतीवर लावली. मी कुणासमोरही त्या पानाबद्दल बोलायला लागलो की बैलगाडीबद्दल बोलत असे.

या वर्षी मी पंच्याहत्तरीत आलो. संग्रह पुण्याच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. त्यांनी प्रत्येक पानासाठी एक छापील तक्ता पाठवला. लांबी, रुंदी, कागद, शाई. शेवटचा रकाना होता: 'पूर्वी केलेली साफसफाई किंवा दुरुस्ती.' साठ पानांसाठी मी 'धूळ काढली, निळ्या पेन्सिलीच्या सूचना खोडल्या' असं लिहिलं. ग्रंथपालाचा हात आहे, नोंद खोटी करवत नाही. पुलाच्या पानापाशी मी थांबलो. 'सूचना' हा शब्द तिथे लिहिता येईना, कारण ती सूचना नव्हती. जे होतं ते मी रकान्यात लिहिलं, दोन्ही ओळी, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की ज्यांच्यासाठी त्या होत्या त्यांना सोडून मी त्या पुण्याच्या एका कपाटाला सांगतोय.

मग मी कोरा कागद घेतला. मुकुंदराव हयात असले तर पंच्याऐंशीचे असतील. नसतील तर पाकीट घरातलं कुणीतरी उघडेल. या वेळी मसुदा केला नाही.

'श्री. मुकुंदराव आष्टेकर यांस, सा. न. वि. वि. आपल्या २१ नोव्हेंबर १९९८च्या पत्राचे हे उत्तर आहे. पुलाच्या पानाच्या उजव्या कडेला निळ्या पेन्सिलीने आपल्या बंधूंनी आपल्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि अर्थ न कळता खोडल्या. आपण समोर येऊन विचारलेत तेव्हा अर्थ कळलेला होता, तरी खोटे बोललो. त्याच संध्याकाळी स्टँडवर आलो होतो, आपण खिडकीत दिसलात, तरी बोललो नाही. कारण एवढेच की मला लाज वाटत होती, आणि ती आपल्यापेक्षा मोठी वाटली. ओळी अशा होत्या:

मुक्या, नाही सापडलं.
सातच्या पाठीला होतं.

'नाही'ला अवतरणचिन्हे मी घातलेली नाहीत, कारण भास्कररावांनी घातली नव्हती. आपल्याला ती लागणार नाहीत. शब्द हेच होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एरवी मला प्रत्येक गोष्टीची असते. पट्टी आपण चिकटवली होती.'

खाली सही केली. क्षमा मागणारं एक वाक्य लिहिलं होतं, ते वाचून पाहिलं आणि खोडलं नाही, तसंच राहू दिलं.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट घेऊन पत्ता वाचला आणि म्हणाली, "काका, पिन घातला नाहीत." मला माहीत नाही, मी म्हणालो, पत्ता जुना आहे. तिनं संगणकावर पाहून पेनानं आकडे घातले, वजन केलं, दोन शिक्के मारले आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी पावती घेतली आणि मागच्या माणसाला वाट करून दिली.